नारळ कोणाला द्यायचा, हे ठरतं कसं? (अनुभव लिहा)

बाकडेवाला
सोळा वर्षं एका कंपनीत काढल्यावर मागच्या वर्षी एका मंगळवारी दुपारी मला नारळ मिळाला. कारण विचारलं, तर एचआरची मुलगी म्हणाली, "सर, बिझनेस डिसिजन आहे." बिचारी माझ्या पुतणीच्या वयाची. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे बाराएक हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून सोसायटीच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. (माझी कंपनी ती नव्हे.) पण त्या दोन टक्क्यांत कोणाचं नाव का बसतं, हे कोणीच सांगत नाही. ज्यांचं नाव यादीत आलं त्यांनी लिहा, आणि ज्यांनी यादी केली त्यांनी तर जरूर लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

दोन_डबे
माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. मला खोलीत बसवून सांगितलं, "आज संध्याकाळपर्यंत राजीनामा टाका, रिलिव्हिंग लेटर चांगलं देऊ. नाहीतर टर्मिनेशन, मग पुढे नोकरी कोण देईल?" टाकला. कंपनीच्या कागदावर मी 'वैयक्तिक कारणास्तव' गेले. माझ्यासोबत त्या महिन्यात मजल्यावरच्या नऊ जणांनाही अशीच वैयक्तिक कारणं निघाली.

रिकामा_कप
यादी मी केली आहे. विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

वरून येतो तो आकडा माणसांचा नसतो, पैशांचा असतो. मला सांगितलं, वर्षाचे ९० लाख कमी करायचे, सोमवारी सकाळपर्यंत. शुक्रवारी संध्याकाळी शीट आली. चौदा ओळी. नाव, सीटीसी (म्हणजे त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च), दोन वर्षांचं रेटिंग, बेंचवरचे, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून काढलेले दिवस, त्याच्या कामाचं बिल ग्राहकाला लागतं की नाही. पगाराच्या कॉलमवर सॉर्ट मारलं की निम्मं काम तिथेच होतं. ३५ लाखांचे दोघे गेले की ७० झाले. तेवढेच पैसे फ्रेशर काढून वाचवायचे तर अख्खी बॅच लागेल. म्हणून बाकडेवाला, तुमची सोळा वर्षं हाच तुमचा गुन्हा असणार. अनुभव वाढतो तसा पगार वाढतो, आणि शीटमध्ये अनुभवाचा कॉलम नसतो.

राहिले २० लाख. तेवढ्या पगाराचे तिघे होते. एक प्रसूती रजेवर, लीगलने हात लावू दिला नाही. दुसऱ्याला ग्राहक नावाने ओळखायचा. तिसऱ्याला आदल्या वर्षी 'सी' रेटिंग होतं. झालं, ठरलं.

आता ते 'सी' कुठून आलं ते सांगतो. बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरावीक जणांना खालचं रेटिंग द्यायचंच या पद्धतीत, माझ्या टीमला एक 'सी' द्यावाच लागणार होता. त्या लायकीचं कोणी नव्हतं. मग जो भांडणार नाही त्याला दिला आणि म्हणालो, "पुढच्या वर्षी बघतो तुझं."

भोसरीचा_फिटर
आमच्या वेळी एवढं डोकं चालवायची मुभा साहेबाला नव्हती. औद्योगिक विवाद कायदा, कलम २५-जी. त्या वर्गातला जो शेवटी लागला तो आधी जाणार. त्याला सोडून दुसऱ्याला काढायचं तर मालकाने कारण नोंदवून ठेवायचं. ज्येष्ठता यादी नोटिसबोर्डावर लागायची. पोरं कामावर लागल्याच्या तारखा बोटाने वाचायची, एका दिवसाच्या फरकावरून हमरीतुमरी व्हायची. भरपाई भरलेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांची मजुरी.

पण शंभर किंवा जास्त कामगार असले की सरकारची परवानगी लागायची. ती मागायच्या भानगडीत कोण पडतो? कंपनीने स्वेच्छानिवृत्ती आणली. 'स्वेच्छा' कसली, युनियनमध्ये बोलणाऱ्या दोघांना आधी लांबच्या डेपोत टाकलं, बाकीचे समजले. गंमत म्हणजे पहिला अर्ज टूलरूमच्या सगळ्यात हुशार माणसाने केला. त्याला बाहेर काम मिळणार होतं. त्याने पैसे घेऊन एमआयडीसीत गाळा घेतला, आणि सहा महिन्यांत कंपनी त्याच्याकडेच डाय दुरुस्तीला पाठवायला लागली. ज्यांना काढायचं होतं ते आमच्यासारखे खुर्चीला चिकटून राहिले.

आता नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशेवर गेली. आणि तुम्ही आयटीवाले पोरं इतकी वर्षं स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजलात, हेही जरा लिहा.

नेकारकाठ
काका, तुमच्यासारखंच इथे जर्मनीत आहे, फक्त हिशोब वेगळा. धंद्याच्या कारणाने माणसं कमी करायची तर एकसारखं काम करणाऱ्यांमध्ये चार गोष्टी बघतात: नोकरीची वर्षं, वय, कोणाला पोसायची जबाबदारी आहे, आणि गंभीर अपंगत्व. आमच्याकडे त्याचे गुण मांडले होते. मी ३१ वर्षांचा, तीन वर्षं नोकरी, अविवाहित. शेजारच्या टेबलवर ५४ वर्षांचा, तीन मुलं. मी दहावीनंतर पहिल्यांदा इतका खालचा नंबर काढला. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "तरी सांगत होते, लग्न कर!"

पळवाट इथेही आहे. अमुक माणूस कंपनीला अत्यावश्यक आहे म्हणून त्याला या तुलनेतून बाहेर ठेवता येतं. खरी भांडणं त्यावर होतात.

एडिसनकर
न्यू जर्सी. इथे चाळिशीपुढच्यांना गटाने काढलं आणि 'दावा करणार नाही' अशी सही हवी असली, तर विचार करायला ४५ दिवस द्यावे लागतात, आणि सोबत एक तक्ता. पदं, वयं, काढायला कोण निवडले, कोण नाही. नावं नसतात. मी स्वयंपाकघरात बसून त्यात स्वतःला शोधलं: सीनियर अ‍ॅनालिस्ट, ५२. मग बाकीच्यांना ओळखत गेलो. हा ५५ चा, म्हणजे आमचा क्रिकेटवाला, गेला. ही ३४ ची, राहिली. पन्नाशीपुढचे आम्ही चौघे, चौघेही एकाच रकान्यात. वकील म्हणाला, लढता येईल, दोनेक वर्षं लागतील. मुलीच्या कॉलेजची फी ऑगस्टमध्ये होती. एकेचाळिसाव्या दिवशी सही केली.

बाकडेवाला
रिकामा_कप, त्या तिसऱ्या माणसाला 'सी'चं खरं कारण कधी सांगितलंत का?

रिकामा_कप
नाही. दोन महिन्यांनी त्याने मलाच रेफरन्स मागितला. दिला. उत्तम दिला.