मदत हवी आहे: १७ वर्षांची आई, २ किलोचं बाळ, वजन उतरतंय

बाळंतीण १७ वर्षांची, पहिलटकरीण, नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.२. दिवस पूर्ण भरले होते, तरी बाळ २०५० ग्रॅमचं. सातव्या दिवसाच्या गृहभेटीत १९२० भरलं. दोन मिनिटं चोखतं आणि झोपी जातं. सासूबाई म्हणतात, "पोरगीच लहान, तिला दूध कुठून येणार?" वरचं दूध आणि गुटी सुरू करायच्या बेतात आहेत. कागदावर वय १९ लावलंय, म्हणून दवाखान्यात न्यायला घाबरतात.

गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणारी):
झोळीचं वजन वजा केलंय ना? मग घट सहा टक्के. पहिल्या आठवड्यात दहापर्यंत चालते. चौदाव्या दिवसापर्यंत २०५० परत यायला हवं, पुढे रोज २०-३० ग्रॅम.

आईच्या वयाने दूध आटत नाही. बाळाची चोखायची ताकद कमी, आणि चोखलं नाही की दूधही कमी उतरतं. आधी अंगावर पाजा, मग हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्या. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. दिवसाला किलोमागे १५० मिली हिशोबाने अंगावरचं आणि चमच्याचं मिळून एका वेळी साधारण २५ मिली. बाळाला अर्धवट बसतं धरा, चमचा खालच्या ओठाला टेकवा, त्याला स्वतः ओढू द्या. घशात ओतलं की ठसका लागतो, दूध श्वासनलिकेत जातं. गुटी, मध, पाणी काहीही नको.

परिचारिका:
अंगावर चरबी नसल्याने प्यालेलं दूध ऊब राखण्यातच खर्ची पडतं. टोपी, मोजे, लंगोट एवढंच ठेवून बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं धरा, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून ओढणीने बांधा. एका वेळी निदान तासभर, दिवसभरात आठ तासांहून जास्त. आई दमली की सासूबाईंनी घ्यावं. काळजी त्यांनाही आहेच. अडीच किलोपर्यंत अंघोळ नको, धुरी तर मुळीच नको.

दूध सोडलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, अंगाचं तापमान ३५.५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी किंवा ३७.५ च्या वर, झटके, तळवे पिवळे: यातलं एकही दिसलं तर १०२ नंबरची रुग्णवाहिका बोलवा. अठराच्या आतली आई म्हटल्यावर दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, हे घरच्यांपासून लपवू नका. पण त्यासाठी उपचार नाकारता येत नाहीत, आणि आजारी नवजाताचा सरकारी दवाखान्यातला खर्च मोफत आहे.

गटप्रवर्तक:
आईचं हिमोग्लोबिनही परत तपासा. ८.२ ला लोहाची रोज एक गोळी पुरत नाही, डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. कॅल्शियम वेगळ्या वेळी. बेचाळिसाव्या दिवशी पाळणा लांबवण्याबद्दल तिच्याशी एकटीशी बोला. अंगावर पाजत असतानाही सहा आठवड्यांनंतर अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन चालतं.