दोन फुटी रीफ (प्रवाळांच्या) टाकीच्या कॅबिनेटमध्ये ऑटो टॉप-ऑफ (आटलेलं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा) कसा बसवायचा?

निळे_पाणी:
खाऱ्या पाण्याची टाकी 60×45×45 सेंमी. खालचं कॅबिनेट आतून 57 सेंमी रुंद, 42 खोल, 70 उंच. त्यात 45×30×35 चा सम्प (वरच्या टाकीचं पाणी गाळायला जिथे उतरतं ती खालची टाकी) डावीकडे टेकवलेला, म्हणजे उजवीकडे 12 सेंमीची पट्टी उरते. टाकी आणि सम्प मिळून पाणी साधारण 120 लिटर. सम्पमधले आडवे काचपडदे 22 सेंमी उंच, रिटर्नचा (पाणी परत वर पाठवणाऱ्या पंपाचा) कप्पा 15 सेंमी लांब, तिथे पाणी 16 सेंमीवर राहतं. पंखे लावले की रोज दोन लिटर पाणी आटतं. गोड्या पाण्याची टाकी कुठे आणि केवढी ठेवावी? सेन्सर कुठला? सम्पच्या वर स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप काढायला जागा लागते, त्यामुळे वर फळी मारता येणार नाही.

सम्पवाला:
रिटर्नच्या कप्प्याचं आतलं क्षेत्रफळ 435 चौ. सेंमी धरा. दोन लिटर आटले की तिथली पातळी साडेचार सेंमी उतरते, कारण बाकीचे कप्पे पडद्यांमुळे हलत नाहीत. तीन दिवस पाणी घातलं नाही तर रिटर्न पंप हवा ओढणार. तेव्हा ऑटो टॉप-ऑफ लावाच.

उरलेल्या पट्टीत तयार जार मावणार नाही. काचवाल्याकडून 5 मिमी काचेची 9 रुंद, 40 लांब, 35 उंच अशी टाकी करून घ्या. आतून 8×39 उरतात, 30 सेंमीपर्यंत भरली की 9.4 लिटर, म्हणजे साडेचार दिवसांचं पाणी. बाजूला 3 सेंमी मोकळे राहतात, तेवढे वायर आणि पाइपला लागतातच. सिलिकॉन साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या, बुरशीरोधक नको. निदान 48 तास वाळू द्या. ऑर्डर देण्याआधी कॅबिनेटच्या दाराची चौकट मोजा. आत जागा असते, पण बिजागरं आणि मधली उभी पट्टी यांमुळे टाकी दारातून जातच नाही.

यापेक्षा मोठी करू नका, जागा सापडली तरी. सेन्सर अडकून सगळं पाणी सम्पमध्ये गेलं तर काय होईल, त्यावरून आकार ठरतो. 9.4 लिटर गेले तर सॅलिनिटी (खारेपणा) 35 वरून साडेबत्तीसपर्यंत उतरेल, प्रवाळं चिडतील पण बहुतेक तगतील. सांडण्याचं गणितही बघा: चालू पातळीच्या वर तुमच्या सम्पमध्ये 17 लिटरच्या आसपास जागा आहे. वीज गेल्यावर वरच्या टाकीतून 2 सेंमी पाणी उतरलं तर ते पाच लिटर आणि पाइपमधलं थोडं. दोन्ही एकाच वेळी झालं तरी पंधरा लिटर. बसतं, पण जेमतेम, आणि स्किमर सम्पमध्येच असेल तर त्याने अडवलेली जागाही वजा करा. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जितकं जवळ, तितकं कमी पाणी परत येतं.

ओहोटी:
सम्पवाला दादांच्या मापांशी सहमत. सायफनबद्दल सांगतो, कारण शेजारीशेजारी ठेवलेल्या टाक्यांत गडबड हमखास तिथेच होते.

तुमच्या गोड्या पाण्याची पातळी 30 सेंमी, सम्पची 16. नळीचं तोंड सम्पच्या पाण्यात बुडालं असेल, तर पंप बंद झाल्यावरही पाणी वाहत राहील आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाल्यावरच थांबेल. तोंड पाण्याबाहेर पण 30 च्या खाली असलं तरीही पातळी तोंडाइतकी उतरेपर्यंत तेच. म्हणून ते 33 सेंमीवर, सम्पच्या काठाला घट्ट बसवा. आरओ दुरुस्तीच्या दुकानात पाव इंची नळी आणि तिचा एल्बो मिळतो. एल्बो क्लिपने काठाला लावा, नुसती नळी लोंबती ठेवू नका, ती घसरते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून हा प्रश्न सुटतो असं बरेच जण सांगतात. तो उलटा प्रवाह अडवतो, सायफन तर सुलट दिशेनेच वाहतो.

सेन्सर रिटर्नच्याच कप्प्यात, रिटर्न पंपापासून दूरच्या कोपऱ्यात. इतक्या अरुंद जागेत ऑप्टिकल बरा: 3 मिमी फरकावर चालू होतो, म्हणजे एका वेळी 130 मिली. साधा फ्लोट सेंटीमीटरभर उतरल्यावर हलतो, तेव्हा साडेचारशे मिली एकदम पडतात. पण ऑप्टिकलच्या काचेवर शेवाळ चढलं, गोगलगाय बसली किंवा बुडबुडे चिकटले तर तो फसतो. म्हणून वर 18 सेंमीवर एक फ्लोट स्विच ठेवा आणि तो पंपाच्या 12 व्होल्ट पुरवठ्यात सिरीजमध्ये जोडा. पहिला अडकला तर दुसरा पंप तोडतो. त्याच्या दांडीवरचा मिठाचा थर महिन्यातून एकदा गरम पाण्याने धुवा.

पंप लहान घ्या. मगात एक मिनिट सोडून मोजा, मिनिटाला लिटरभर पुरे. जास्त येत असेल तर त्याच दुकानातला छोटा बॉल व्हॉल्व्ह नळीत टाकून आवळा. कंट्रोलरची वेळमर्यादा एका मिनिटावर ठेवा.

निळे_पाणी:
धन्यवाद दोघांनाही. घरच्या आरओ प्युरिफायरचं पाणी चालेल का? आणि वीज गेली-आली तर गोंधळ होतो का?

किनारा_रत्नागिरी:
प्युरिफायरच्या नळाचं पाणी सहसा नको. बहुतेक घरगुती यंत्रांत टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर थोडं मूळ पाणी परत मिसळतो किंवा मिनरलचं कार्ट्रिज असतं. रोज दोन लिटर असं पाणी घातलं की क्षार साठत जातात. मेम्ब्रेनमधून बाहेर येणारी नळी या दोन्हींच्या आधी वळवून घ्या आणि पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारं) कार्ट्रिज लावा. टीडीएस मीटरवर 0 ते 2 यायला हवं. वाटेत पितळी जोड नको, तांबं उतरलं तर कोळंबी जगत नाही.

वीज गेल्यावर सम्पची पातळी वर जाते, त्यामुळे पंप गप्प बसतो. परत आली की वरची टाकी भरेपर्यंत पातळी काही सेकंद नेहमीपेक्षा खाली जाऊ शकते आणि पंप उगाच सुरू होतो. कंट्रोलरला दहा सेकंदांचा उशीर देता येत असेल तर द्या.

याहून वाईट म्हणजे पाणी बदलताना एटीओ (ऑटो टॉप-ऑफ) चालू राहणं. तुम्ही खारं पाणी काढता, पातळी उतरते, तो गोडं पाणी भरतो. त्याचं बटण दारालाच लावा, दिसलं की बंद कराल. स्किमर फार ओला चालला, कप भरभरून वाहिला तरी तेच: बाहेर जातं ते खारं, आत येतं ते गोडं. शेवटच्या पडद्याजवळचा स्पंज तुंबला तरी रिटर्नचा कप्पा उतरतो. तिथे स्पंज ठेवूच नका. आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा बघा.

सम्पवाला:
ताईंनी स्पंजचं सांगितलं ते महत्त्वाचं. वीजजोडणीचंही बघा. मल्टिप्लग कॅबिनेटच्या वरच्या बाजूला, भिंतीला स्क्रूने बसवा, जमिनीवर नको. प्रत्येक वायर प्लगच्या खाली उतरून मग वर येऊ द्या, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत पोचत नाही. लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. कंट्रोलर कॅबिनेटच्या बाहेर लावा, आतल्या दमट हवेत त्याच्या पिना गंजतात.

बसवून झालं की दोन चाचण्या घ्या. नळीचा एल्बो काठावर असताना पंप चालवा, मध्येच प्लग ओढा, आणि पाच मिनिटं थेंब पडतात का पाहा. मग सेन्सर पाण्याबाहेर उचलून धरा: मिनिटाने कंट्रोलरने पंप थांबवून अलार्म द्यायला हवा. वरचा फ्लोट हाताने उचलला तर पंप लगेच बंद. यातलं एकही चुकलं तर टाकी न भरता आधी ते सोडवा.