प्रकल्पाशी न बांधलेला निधी पहिल्या वर्षी कशावर खर्च करावा?

प्रश्न

आमची संस्था लहान आहे. सहा पूर्णवेळ कार्यकर्ते आहेत आणि गेली अकरा वर्षे सगळे काम प्रकल्पांच्या पैशांवरच चालले आहे. आता एका देणगीदार प्रतिष्ठानाने तीन वर्षांसाठी असा निधी देऊ केला आहे, की तो कशावर खर्च करायचा हे आम्हीच ठरवायचे. विश्वस्त मंडळात मात्र यावरून दोन तट पडले आहेत. काहींच्या मते या पैशातून नव्या वस्त्यांमध्ये काम सुरू करावे, कारण लोकांसाठी आलेला पैसा पगार आणि कार्यालयावर घालणे योग्य नाही. मला तसे वाटत नाही. मागे एक प्रकल्प संपून दुसरा सुरू होईपर्यंत चार महिने गेले, त्या काळात पगार थकले आणि आठ वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या आमच्या हिशेबनीस बाई संस्था सोडून गेल्या. कोणती पावती कोणत्या फाइलमध्ये आहे, हे फक्त त्यांनाच ठाऊक होते. अशा वेळी आधी काय करावे, आणि ठरावीक कामच नसेल तर अहवाल तरी कशाचा द्यावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे अशा संस्थांचे हिशेब पाहतो. आपण लिहिलेला चार महिन्यांचा खंड मला बहुतेक संस्थांत दिसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एका संस्थेत मी कार्यालयाचे वीजबिल तीन प्रकल्पांत वाटलेले पाहिले. पहिल्याच्या अंदाजपत्रकात विजेची तरतूद होती, दुसऱ्याच्या अंदाजपत्रकात ती ‘इतर खर्चा’त बसवली होती, आणि तिसऱ्याचा देणगीदार प्रशासकीय खर्च मान्यच करत नसल्याने त्याचा वाटा समन्वयक स्वतःच्या मानधनातून भरत होत्या. प्रिंटरवर एका प्रकल्पाची चिठ्ठी होती, त्यामुळे दुसऱ्या प्रकल्पाचे कागद छापायला माणूस बाहेर पाठवला जाई. कागदोपत्री ही संस्था अत्यंत काटकसरी दिसत होती. खरा खर्च लपवला की देणगीदाराला वाटते एवढ्यातच भागते, मग पुढच्या वेळी तो तेवढेच देतो आणि संस्था आणखी लपवते. या प्रकाराला २००९ पासून ‘उपासमारीचे चक्र’ असे नावच पडले आहे. सरकारी निधीतही हा प्रश्न आहेच. अमेरिकेच्या संघीय अनुदानांत, ज्या संस्थेचा अप्रत्यक्ष खर्चाचा (म्हणजे भाडे, वीज, हिशेब अशा, कोणत्याही एका प्रकल्पाच्या नसलेल्या खर्चाचा) दर सरकारशी वाटाघाटीने ठरलेला नसेल, तिला पूर्वी असा खर्च १० टक्क्यांपर्यंत लावता येत असे. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा १५ टक्के झाली.

म्हणून पैसा येण्याआधी एक काम करा. प्रत्येक प्रकल्प चालवायला खरोखर किती लागते ते मांडा: भाडे, वीज, हिशेबनिसाचा वेळ, लेखापरीक्षण, प्रशिक्षण आणि अहवाल लिहिण्यात जाणारे दिवससुद्धा. हा तक्ता हाती आला की मंडळातला वाद निम्मा मिटेल. त्यानंतर पूर्णवेळ हिशेबनीस नेमा आणि निदान तीन महिन्यांच्या पगाराइतकी राखीव रक्कम बाजूला काढा. मात्र करारात शिल्लक रक्कम परत करण्याची अट आहे का, हे आधी तपासा. ती असेल तर राखीव निधीचा उल्लेख करारातच करून घ्या, कारण वर्षअखेरीला केलेली विनंती सहसा उशिरा पोहोचते.

प्रतिसाद २

मी स्वतः एका संस्थेचा विश्वस्त आहे आणि काही काळ मीही आपल्या विश्वस्तांच्याच मताचा होतो. लोकांपर्यंत पोहोचणारी कार्यकर्ती थकलेल्या पगारामुळे काम सोडून गेली, तर नुकसान त्या लोकांचेच होते, हे मला प्रत्यक्ष पाहूनच पटले. तिचा पगार हा लोकांवरचाच खर्च आहे, असे मी आता मंडळात स्पष्ट सांगतो.

प्रतिसाद ३

मी निधी देणाऱ्या बाजूला काम करते, त्यामुळे अहवालाबद्दल लिहिते. असा निधी देताना आम्ही पावत्यांपेक्षा संस्थेची वाटचाल पाहतो. लेखापरीक्षित ताळेबंद, वर्षभरात घेतलेले महत्त्वाचे निर्णय व त्यांची कारणे, आणि जे जमले नाही ते, एवढे प्रामाणिकपणे लिहिले तरी पुरते. सगळ्या देणगीदारांना मिळून एकच वार्षिक अहवाल चालेल का, हे जरूर विचारा. मागितल्याशिवाय ही सवलत कोणी देत नाही.

स्थानिक संस्थांना थेट पैसा द्यावा हे तत्त्व कागदावर जुने आहे. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत ‘ग्रँड बार्गेन’ हा मोठे देणगीदार आणि मदतसंस्था यांच्यातला करार झाला आणि २०२० पर्यंत किमान २५ टक्के मानवतावादी (संकटग्रस्तांच्या मदतीचा) निधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक व राष्ट्रीय संस्थांना देण्याचे ठरले. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. २०१६ मध्येच फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी देणगीदार प्रतिष्ठानाने ‘बिल्ड’ उपक्रम सुरू केला, ज्यात पाच वर्षांचा लवचिक निधी आणि संस्थाबांधणीसाठी वेगळी रक्कम, अशी रचना होती. ‘संस्थाबांधणीसाठी वेगळी’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात, कारण तशी खूणगाठ बांधली नाही तर रोजची निकड सगळा पैसा गिळते.

पहिल्या प्रतिसादाशी माझा एक मतभेद आहे. तीन महिन्यांच्या राखीव रकमेवर थांबू नका. तीन वर्षांनी हा निधीही संपणार आहे, आणि नव्या नेमणुकीचा पगार चौथ्या वर्षी कुठून द्यायचा हे आजच मांडायला हवे. पुढच्या प्रत्येक प्रकल्प प्रस्तावात हिशेबनिसाच्या पगाराचा वाटा दाखवत गेलात, तर तिसऱ्या वर्षापर्यंत त्याचा मोठा भाग प्रकल्पांतून निघू शकेल. नव्या वस्त्यांचे काम मात्र तूर्त थांबवावे, असेच मीही म्हणेन.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. करार काढून पाहिला. शिल्लक रक्कम परत करण्याचे कलम त्यात आहेच, तेव्हा सही करण्यापूर्वी राखीव निधीबद्दल प्रतिष्ठानाला पत्र लिहीत आहे. मंडळाची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. तोपर्यंत तिन्ही चालू प्रकल्पांचा खरा खर्च मांडून तो तक्ता विश्वस्तांना आधीच पाठवतो.