लढाई लागली की टेबलाची तंद्री मोडते

तापीकाठ, जळगाव
मी चालवत असलेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये (टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत आणि फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) गप्पांच्या प्रसंगात पाचही खेळाडू रंगतात, पण लढाई लागली की नुसती बेरीज-वजाबाकी उरते. इमर्शन, म्हणजे खेळात बुडून जाणं, टिकवायचं म्हणजे नेमकं काय टिकवायचं?

सातपुडा२०
आधी खेळाडूंनाच विचारा. एकाला पात्राच्या तोंडून बोलायचं असतं. दुसऱ्याला जग पक्कं हवं असतं. काल जाळलेला पूल आज उभा दिसला की तो बाहेर फेकला जातो. काहींची तर डावपेचातच समाधी लागते, त्यांना बेरीज खुपत नाही.

लढाईत खरा घात करतं ते ताटकळणं. प्रत्येकाने दोन मिनिटं घेतली तर आपली पाळी यायला आठ मिनिटं, वर राक्षसांच्या पाळ्या वेगळ्या. पाळ्यांचा क्रम कार्डांवर लिहून समोर उभा करा आणि 'आता तू, पुढे तू' असं दोघांना सांगत जा. वार लागला का ते ठरवणारा वीस बाजूंचा फासा आणि किती लागला ते ठरवणारा नुकसानीचा फासा एकदमच टाकायचा.

भरीतभाकरी, धुळे
नियमपुस्तक मध्येच उघडू नका. मिनिटभरात निवाडा द्या, नियम खेळानंतर बघा. 'सात नुकसान' यापेक्षा 'भाला ढालीवरून घसरून खांद्यात रुतला, सात' असं सांगा. मात्र पहिल्या आणि शेवटच्या फटक्यालाच, नाहीतर वर्णनाचाच कंटाळा येतो.

खेळातला सराईवाला अहिराणीत 'काय करी ऱ्हायना भाऊ?' म्हणाला की गाव उभं राहतं. केळीची बाग नुसती हिरवी नको; वाळल्या पानांची खसखस, कपड्यांवर चिकाचे काळे डाग हवेत.

तापीकाठ, जळगाव
डावपेचवाल्यालाही पात्राच्या तोंडून बोलायला लावायचं का?

सातपुडा२०
अजिबात नाही. 'माझा धनुर्धर खडकाआड सरकतो' एवढंच म्हणाला तरी तो खेळातच असतो.