जादा मीटरसाठी फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे बसवावा?

घोडबंदरकर:
नमस्कार. गायमुखच्या चढावर कोंडीत गाडी रखडली, तरी माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून हलत नाही. म्हणून कूलंटचे तापमान, ऑइल प्रेशर आणि व्होल्टेज दाखवणारे तीन वेगळे मीटर मी घेतले आहेत. तिन्हींचा सप्लाय म्युझिक सिस्टिमच्या वायरवरून घ्यावा, तिथे १५ अँपिअरचा फ्यूज आहेच, असे फिटरचे म्हणणे आहे. हे योग्य आहे का? रिले लागेल का?

खारघरवासी:
रिलेची, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची, गरज नाही. असे तीन मीटर मिळूनही सहसा दोन अँपिअरच्या आतच करंट घेतात. फिटरचा सल्ला मात्र मानू नये. फ्यूज असतो तो वायर वाचवण्यासाठी. मीटरची केसासारखी बारीक वायर कुठे अर्धवट शॉर्ट होऊन तिच्यातून दहा-बारा अँपिअर वाहू लागले, तर १५ अँपिअरचा फ्यूज शाबूत राहील आणि डॅशबोर्डमागे वायरचे आवरण वितळू लागेल. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर घेऊन तिला ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज द्यावा आणि तो सप्लाय जिथून घ्याल त्याच्या अगदी लगत बसवावा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कसलेच संरक्षण नसते.

फ्यूजबॉक्समध्ये खोचायचा दोन फ्यूजांचा होल्डर बाजारात मिळतो. तो उलटाही बसतो आणि उलटा बसला तरी मीटर चालतात, त्यामुळे चूक ध्यानात येत नाही. मूळ फ्यूज काढून, चावी चालू ठेवून टेस्टर लावावा. ज्या खाचेत सप्लाय मिळेल तिथे होल्डरचा दोन्ही फ्यूजांना समाईक असलेला पाय यायला हवा, नाहीतर नव्या मीटरचा भारही मूळ फ्यूजवरच पडतो. एअरबॅग, एबीएस (ब्रेकची यंत्रणा) आणि ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) फ्यूजांना हात लावू नये. शिवाय म्युझिक सिस्टिमचा सप्लाय स्टार्टर फिरताना बहुधा तुटतो, म्हणून स्टार्टर फिरतानाही चालू राहणारी इग्निशनची लाइन शोधावी.

नेरूळचा वायरमन:
वरील सर्व मान्य. भर अर्थिंगची घालतो, कारण मीटर चुकीचे दाखवू लागला की दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. एका वायरचा ऑइल प्रेशर सेन्सर आपल्या आट्यांमधून इंजिनलाच अर्थ होतो. त्यावर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळली की रीडिंग बिघडते. मीटरची अर्थ वायर ब्लोअरच्या अर्थसोबत बांधू नये, नाहीतर पंखा वाढवताच व्होल्टमीटरचा काटा डोलतो. बॉडीवर रंग खरवडून, स्वच्छ पत्र्यावर रिंग लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) दातेरी वॉशरसह आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. खाडीकाठच्या दमट हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो.

घोडबंदरकर:
आभारी आहे. मीटरच्या दिव्याची वायर पार्किंग लाइटला जोडली तर चालेल ना?

नेरूळचा वायरमन:
चालेल, पण डिमरच्या (डॅशबोर्डचे दिवे कमी-जास्त करणाऱ्या बटणाच्या) वायरला जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासा. काही गाड्यांत डिमर अर्थच्या बाजूने काम करतो. तिथे जोडल्यास दिवे मंद होणार नाहीत. सेन्सरच्या वायरी इंजिनकडून आत आणताना पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट मात्र हवाच.