मदत हवी आहे: जादा रक्कम आधी कोणत्या कर्जात भरावी?

दोघांच्या पगारावर तीन कर्जं आहेत. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना 3 टक्क्यांनी, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला जवळपास 42.6 टक्के, वैयक्तिक कर्ज 14 टक्के, दुचाकीचं 10 टक्के, त्याचे 5 हप्ते उरलेत. कार्डाचा वापर बंद केलाय, कारण थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किमान रक्कम 5 टक्के भरली तर त्यातले 3 व्याजातच जातात, मुद्दलातून जेमतेम 2 सुटतात.

हिशोबाने कार्ड आधी, हे उघडच आहे. अडतंय ते पुढे. थकबाकी हप्त्यांत बदलून घ्यावी, की वैयक्तिक कर्ज वाढवून कार्ड एकरकमी फेडावं? प्रक्रिया शुल्क आणि मुदतपूर्व फेडीचा दंड धरून तुलना कशी करता? मुदत लांबली तर व्याजदर कमी असूनही एकूण व्याज वाढतं, ही भीती आहेच.

विम्याचे वार्षिक हप्ते बाराने भागून वेगळ्या खात्यात टाकतोय. नाहीतर त्या महिन्यात कार्ड पुन्हा बाहेर निघतं. अडीअडचणीसाठी एका महिन्याचा खर्च आधी बाजूला ठेवावा, की तोही कार्डातच भरावा?