लॅपटॉप झोपला की सर्व्हरवरचं काम का मरतं?

काळीखिडकी:
काल रात्री एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनलमधून काम करायची सोय) सर्व्हरवर जाऊन डेटाबेसचा डंप, म्हणजे फाइलमध्ये काढलेली प्रत, चढवत होतो. साडेचार तास झाले होते, शेवटचं मोठं टेबल चालू होतं. पाय मोकळे करायला उठलो, परत येऊन बघतो तर लॅपटॉप झोपलेला, कनेक्शन तुटलेलं आणि इम्पोर्ट अर्धवट. पुन्हा श्रीगणेशा.

दुसरं दुखणं म्हणजे सहा-सात टर्मिनल एकाच वेळी उघडी असतात. एकात लॉग, एकात एडिटर, दोनांत टेस्टचा सर्व्हर, एकात खरा. सगळ्या खिडक्या सारख्याच काळ्याकुट्ट. परवा टेस्टला द्यायचा रीस्टार्ट खऱ्या सर्व्हरला दिला. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मला दरदरून घाम फुटला.

कनेक्शन तुटलं तरी कमांड चालू ठेवणारं नोहप माहीत आहे, पण माझी स्क्रिप्ट मध्येच हो की नाही विचारते, तिथे ते निरुपयोगी. मुक्त स्रोतातलं काही आहे का?

कंट्रोलबी:
टीमक्स. टर्मिनलमधलं काम खिडकीपासून वेगळं जिवंत ठेवणारा प्रोग्राम.

कनेक्शन तुटलं की शेलला (तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्राम) हँगअपचा सिग्नल मिळतो आणि जाताना तो आपल्या कामांनाही घेऊन जातो. टीमक्समध्ये शेल असतो टीमक्सच्या स्वतःच्या सर्व्हर प्रोसेसच्या ताब्यात. तुमची खिडकी नुसती बघायला. ती गेल्याचं शेलला कळतही नाही.

टीमक्स न्यू -एस डंप (एस लहान लिपीतला, डंप हे सेशनचं नाव). काम सुरू करा. कंट्रोल-बी दाबा, सोडा, मग डी. बाहेर आलात. परत जायला टीमक्स अटॅच -टी डंप. नाव विसरलात तर टीमक्स एलएस. कंट्रोल-बी नंतर सी दाबलं की नवी खिडकी, टक्क्याचं चिन्ह दाबलं की पडद्याचे शेजारी-शेजारी दोन भाग, झेड दाबलं की चालू भाग पडदाभर. एवढ्यावर माझी कित्येक वर्षं निघाली आहेत.

जुनास्क्रीन:
स्क्रीनचं नावही घेतलं नाहीत! १९८७ पासून हेच काम करतंय, टीमक्स २००७चं पोर. नाव देऊन सुरू करायला स्क्रीन -एस (इथे एस मोठा), बाहेर यायला कंट्रोल-ए आणि डी, परत जायला स्क्रीन -आर. शेलमध्ये ओळीच्या सुरुवातीला जायची कळही हीच, कंट्रोल-ए, तो त्रास मात्र कबूल.

काळीखिडकी:
टीमक्स घातलं, त्यात एसएसएच केलं, मुद्दाम झाकण मिटून पाहिलं. उघडल्यावर टीमक्स जिवंत, पण आत ‘ब्रोकन पाइप’, म्हणजे एसएसएच तुटल्याचा संदेश. मग फरक काय पडला?

कंट्रोलबी:
टीमक्स लॅपटॉपवर चालवलंत ना? आधी एसएसएच, मग तिथे टीमक्स. काम जिथे चालतं तिथेच ते हवं.

काळीखिडकी:
कपाळावर हात मारला. तसं केल्यावर डंप रात्रभर चालला, सकाळी दुसऱ्याच मशीनवरून अटॅच केला. फक्त माउसचं चाक फिरवलं की वरचं आउटपुट दिसायच्या ऐवजी जुन्या कमांड येतात.

कंट्रोलबी:
सर्व्हरवरच्या होम डिरेक्टरीत डॉट टीमक्स डॉट कॉन्फ या फाइलमध्ये सेट -जी माउस ऑन. मग मजकूर निवडताना बहुतेक टर्मिनलांत शिफ्ट धरावं लागेल, वैतागू नका. माउस नको असेल तर कंट्रोल-बी आणि उघडा चौकोनी कंस, बाहेर यायला क्यू. मुळात २००० ओळीच साठतात, त्या हिस्टरी-लिमिटने वाढवा. नवी मर्यादा नंतर उघडलेल्या खिडक्यांनाच लागू होते.

खऱ्या सर्व्हरवरच्या त्याच फाइलमध्ये सेट -जी स्टेटस-स्टाइल बीजी=रेड टाका. खालची हिरवी पट्टी लाल होईल.

जुनास्क्रीन:
एक भर. लॉगआउट केल्यावर सेशनच गायब झालं तर टीमक्सला शिव्या देऊ नका. सिस्टमडी (बऱ्याच लिनक्समध्ये सेवा सांभाळणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याच्या लॉगइनडी डॉट कॉन्फमध्ये किलयूजरप्रोसेसेस बघा, लॉगआउट होताच तुमची कामं मारायची की नाही ते त्यात ठरतं. २०१६ मध्ये आवृत्ती २३० आली तेव्हा ते मुळातच चालू ठेवलं होतं, आमच्यासारखे स्क्रीनवाले तेव्हा खवळले होते. आणि मशीन रीबूट झालं तर टीमक्स काय नि स्क्रीन काय, दोन्ही गेली.

काळीखिडकी:
किलयूजरप्रोसेसेस ‘नो’च निघालं. लाल पट्टी लावली. आजच रीस्टार्ट टाइप करून बोट एंटरवर नेलं होतं, तेवढ्यात खाली लाल दिसलं.